दुसरी खुर्ची

दुपारच्या वेळी दूरचित्रवाणीवर गप्पांचे जे कार्यक्रम लागतात, त्यांना आमच्या घरातील पुरुषमंडळी ‘बायकांचा टाइमपास’ असे नाव देऊन मोकळी होतात. सुट्टीच्या दिवशी तीच मंडळी त्याच कार्यक्रमासमोर हातात चहाचा कप घेऊन शेवटपर्यंत बसलेली असतात. पण ते असो. दिवाळीच्या दिवसांत घरातल्या माणसांची उणीदुणी काढू नयेत.

संपादकांनी या खेपेला दोन पाने अधिक दिली आहेत. तेव्हा वर्षभर मनात घोळत असलेला एक विषय वाचक भगिनींपुढे मांडते. विषय म्हटला तर क्षुल्लक आहे. अशा कार्यक्रमात दोन माणसे शेजारी शेजारी बसून रोज बोलत असतात. त्यांतले एक माणूस एके दिवशी बदलते. वाहिनीच्या लेखी एक खुर्ची रिकामी झाली आणि भरली. घरी पाहणाऱ्याच्या लेखी काय होते, एवढेच मला सांगायचे आहे.

त्यासाठी आधी वर्ध्याची दुपार सांगितली पाहिजे. मुंबई-पुण्याच्या भगिनींना ती ठाऊक नाही. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा ४५ अंशांना टेकतो. बाराच्या ठोक्याला बजाज चौक ओस पडायला लागतो. आमच्या रामनगरात खिडक्या-दारे गच्च बंद होतात आणि घरोघरी कूलर गुरगुरू लागतात. कूलरच्या आवाजात टीव्ही ऐकू येत नाही, म्हणून त्याचा आवाज वाढवायचा, शेजारच्यांचेही तसेच. परिणाम असा की, गल्लीतून उन्हात चालत गेले तर निवेदिकेचे एक वाक्य एका घरापाशी सुरू होते आणि तिसऱ्या घरापाशी पुरे होते! पाच वाजेपर्यंत ना कोणी येणार, ना कोणी जाणार. लेकसुना नोकरीवर, नातवंडे शाळेत. अशा वेळी पंख्याखाली एकट्या बसलेल्या म्हातारीशी बोलणारे कोण? तर ती दोन माणसे.

दोनच का, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. एकटे माणूस बोलू लागले की त्याचे व्याख्यान होते. दुसरे माणूस शेजारी बसले की त्याच बोलण्याच्या गप्पा होतात. पहिला सांगतो, दुसरा ‘अय्या, खरंच?’ म्हणतो. हे ‘अय्या’ फार महत्त्वाचे असते. घरी बसलेल्या बाईच्या मनात आलेला प्रश्न दुसऱ्या खुर्चीवरची व्यक्ती विचारते, पहिला फार लांबण लावू लागला की त्याला अडवते, न उमगलेला विनोद हसून उमगवते. कीर्तनात बुवांच्या मागे उभा राहणारा टाळकरी बुवांपेक्षा कमी महत्त्वाचा, असे ज्यांना वाटते, त्यांनी टाळकऱ्यावाचून तासभर कीर्तन ऐकून पाहावे.

आपल्या मराठी घरांनी या आवाजांना फार पूर्वीच नातेवाईक करून टाकले आहे. आमच्याकडे रेडिओ ऐकायचा तो नागपूर केंद्राचा. ते केंद्र १९४८ साली सुरू झाले आणि वर्ध्याहून नागपूर अवघे पाऊणशे किलोमीटर. पण मुंबईच्या नातेवाइकांकडे उन्हाळ्यात गेले की ‘प्रपंच’ आणि पुढे ‘पुन्हा प्रपंच’ यांची गोष्ट निघायचीच. बाळ कुडतरकरांचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावजी! घरातल्या माणसांसारखी ही तिघे बोलत. त्यात ‘भावजी’ हा शब्द काय नेमका साधला होता! दीर म्हणजे घरातलाच. पण नवऱ्याइतका धाक नाही आणि पाहुण्याइतके अवघडलेपणही नाही.

पुढे २००४ साली त्या वेळच्या अल्फा मराठीवर, म्हणजे आजच्या झी मराठीवर, ‘होम मिनिस्टर’ सुरू झाले तेव्हा आदेश बांदेकरांना महाराष्ट्राने पुन्हा ‘भावोजी’च म्हटले. दोन भावजींच्या मध्ये एवढी वर्षे गेली, पण बाईने परक्या पुरुषाला घरात घ्यायचे ते याच नात्याने. ‘होम मिनिस्टर’ची एक गंमत माझ्या उशिरा ध्यानात आली. तिथे पहिली खुर्ची पक्की होती आणि दुसरी रोज बदलत होती! आज एका गावची वहिनी, उद्या दुसऱ्या गावची. भावोजी तिला स्वयंपाकघरातून बाहेर आणून सोफ्यावर बसवत आणि ती बोलू लागे. लग्नाला वीस वर्षे झाली तरी नवऱ्याला न सांगितलेली गोष्ट ती सगळ्या महाराष्ट्राला सांगून टाकी. पैठणी हे निमित्त. खरे बक्षीस त्या खुर्चीचे होते, असे माझे मत आहे.

‘आम्ही सारे खवय्ये’मध्येही हीच युक्ती. ओट्यापाशी रोज नवी सुगरण, आणि तिच्या शेजारी चव घ्यायला एक ठरलेला माणूस. आधी प्रशांत दामले होते. चमचा तोंडात जाताच त्यांचा चेहरा असा काही खुले की, इकडे आमच्या तोंडाला पाणी सुटे. (त्या कार्यक्रमात कोथिंबीर घाला म्हटले की आमच्या घरची स्वयंपाकीण दर वेळी मोठ्याने ‘सांबार!’ अशी दुरुस्ती करी. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मुंबईच्या वाहिन्यांना कधी कळणार कोण जाणे.) पुढे, मध्ये आणखी चेहरे येऊन गेल्यावर, त्या जागी परभणीचे संकर्षण कऱ्हाडे आले. पहिले काही दिवस बायकांनी नव्या जावयाकडे पाहावे तसे पाहिले. मग त्यांचीही सवय झाली. सह्याद्री वाहिनीवरच्या ‘सखी सह्याद्री’त तर निवेदिका पाळीपाळीने येतात, आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही, कारण पाळी आहे हे पहिल्यापासून ठाऊक असते. सोमवारी धाकटी नणंद येणार, बुधवारी थोरली.

म्हणजे बदलाचे दुःख नसते. दुःख वेगळेच असते, आणि ते मी माझ्या घरात पाहिले.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या आतेसासूबाई, मूळच्या आर्वीच्या. ऐंशी ओलांडल्या आहेत. यजमान गेल्यापासून आमच्याकडेच असतात. मी शाळेत जाते. त्यामुळे अकरापासून पाचपर्यंत त्या, कूलर आणि टीव्ही. एका वाहिनीवर (नाव सांगत नाही, सांगण्यात अर्थही नाही) दुपारी एक गप्पांचा कार्यक्रम लागे. पन्नाशीचे, चष्मा लावणारे एक गृहस्थ आणि एक चुणचुणीत मुलगी. आत्याबाई गृहस्थांना ‘भाऊ’ म्हणत आणि मुलीला ‘पोरगी’. भाऊंनी सर्दीमुळे आवाज बसला आहे असे सांगितले की, आत्याबाई मला संध्याकाळी ‘त्याले काढा कराले सांग’ असे बजावत. कोणाला सांगू? पण मी मान डोलवी.

एका सोमवारी भाऊ नव्हते. त्यांच्या जागी दाढी राखलेला एक तरुण बसला होता. त्याने हसून नमस्कार केला, मुलीनेही हसून नमस्कार केला, आणि पावसाळ्यात केसांची निगा कशी राखावी यावर बोलणे सुरू झाले. भाऊंविषयी अवाक्षर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला.

मी शाळेतून आले की आत्याबाईंचा पहिला प्रश्न, “काऊन वं, भाऊ नाई दिसत?”

“रजेवर असतील,” मी म्हणाले.

“रजा असती तं पोरगी सांगती. बिमार असन.” मग थोड्या वेळाने, भिंतीकडे पाहत, “का गेला?”

वाचक भगिनींनो, ऐंशीच्या पुढच्या माणसाच्या तोंडचे हे ‘गेला’ काय असते, ते तुमच्या घरी म्हातारे माणूस असेल तर तुम्हांला कळेल. देवळाच्या ओट्यावर रोज शेजारी बसणारी कोणी चार दिवस दिसली नाही, तर त्या वयात त्याचा एकच अर्थ होतो. त्या ओट्यावरच्या सातजणींपैकी आत्याबाई आता दोघींतल्या एक. माणसे अशीच, न सांगता, दिसेनाशी होतात, हे त्यांनी पाठ केले आहे. वाहिनीच्या कचेरीत कोणी करार संपवला असेल, कोणाला अधिक पैशांची जागा मिळाली असेल. पण इकडे रामनगरात एका म्हातारीने त्या माणसासाठी मनातल्या मनात दिवा लावायला घेतला होता.

ही गोष्ट आपल्याकडेच घडते, असे मात्र नाही. अमेरिकेत सकाळच्या गप्पांचा एक कार्यक्रम कैक वर्षे चालू आहे. रेजिस फिलबिन नावाच्या गृहस्थांनी १९८३ साली तो न्यूयॉर्कच्या एका केंद्रावर सुरू केला आणि १९८८ पासून तो देशभर दिसू लागला. त्यातल्या दुसऱ्या खुर्चीचा इतिहास एखाद्या एकत्र कुटुंबाच्या इतिहासासारखा आहे. पहिल्या दोन वर्षांत तिथे दोन बायका येऊन गेल्या. १९८५ साली कॅथी ली आल्या, त्या २००० पर्यंत राहिल्या. त्या गेल्यावर कित्येक महिने रोज नवनव्या बायका शेजारी बसवून पाहण्यात आल्या. मुली पाहण्याचा कार्यक्रमच म्हणा ना, फक्त कांदेपोहे नव्हते! अखेर २००१ च्या फेब्रुवारीत केली रिपा ही अभिनेत्री पसंत पडली. २०११ च्या नोव्हेंबरात फिलबिन निवृत्त झाले, ते सगळ्यांचा रीतसर निरोप घेऊन. मग रिपाबाई पहिल्या खुर्चीवर सरकल्या आणि २०१२ साली मायकेल स्ट्रेहान नावाचे माजी फुटबॉलपटू दुसरीवर आले.

इथवर सगळे सुरळीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मात्र ठरले की, स्ट्रेहान यांनी त्याच कंपनीच्या दुसऱ्या सकाळच्या कार्यक्रमात जावे. रोज शेजारी बसणाऱ्या रिपाबाईंना हे कळले ते बातमी बाहेर फुटण्याच्या जेमतेम आधी! बाई काही दिवस कामावर आल्याच नाहीत. परत आल्या तेव्हा त्यांनी प्रेक्षकांसमोरच, कामाच्या ठिकाणी माणसाला विश्वासात घेणे आणि त्याचा मान राखणे याविषयी चार शब्द सुनावले. तिकडच्या वर्तमानपत्रांनी याला रुसवा म्हटले. बाईने हक्काचे बोलले की त्याला रुसवा म्हणायची चाल साता समुद्रांपलीकडेही आहे, हे वाचून मला अंमळ बरेच वाटले.

पुढे वर्षभर पुन्हा मुली पाहणे, नव्हे मुलगे पाहणे, झाले. २०१७ साली रायन सीक्रेस्ट आले. २०२३ साली ते गेले आणि त्यांच्या जागी रिपाबाईंचे यजमान मार्क कॉन्सुएलोस येऊन बसले. घरचाच माणूस, आता बातमी आधी कळायची तरी पंचाईत नाही.

त्याच देशात १९९७ पासून ‘द व्ह्यू’ नावाचा बायकांच्या गप्पांचा दुसरा एक कार्यक्रम चालतो. तिथल्या स्टार जोन्स यांना कळले होते की, आपला करार वाढवला जाणार नाही. २००६ च्या जूनमध्ये त्यांनी ठरल्या दिवसाच्या आधीच, कार्यक्रम चालू असताना, आपण जात असल्याचे सांगून टाकले. दुसऱ्या दिवशी त्यांची जागा रिकामी! मालकांना राग आला तो त्या गेल्या म्हणून नव्हे, त्यांनी सांगितले म्हणून. मला वाटते, सारे रहस्य इथे आहे. सांगणे ही वाहिन्यांना अडचण वाटते. सांगितले तर लोक ‘का?’ म्हणून विचारतील, आणि ‘का’चे उत्तर बहुधा पैशांत असते.

आपल्याकडे नोकरीवरून काढण्याला ‘नारळ देणे’ म्हणतात. माझे म्हणणे इतकेच की, नारळ द्यायचा तर तो खरोखरीचा द्यावा. पडद्यावर, सगळ्यांच्या देखत, सोबत शाल आणि पाच मिनिटे देऊन. कारण सांगू नका. माणूस धडधाकट आहे आणि सांगून चालला आहे, इतके दिसले की पुरे. येणाऱ्यालाही त्याचा फायदाच आहे. जुन्याने हात धरून बसवलेल्या नव्याला घरोघरच्या सासवा लवकर सामावून घेतात. न सांगता येऊन बसलेल्याला त्या महिनोन्‌महिने ‘तो दुसरा’च म्हणतात. आमच्याकडे त्या दाढीवाल्याचे तसेच झाले होते.

गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी दुपारी घरी होते. त्या दिवशी कार्यक्रमात हाडांचे डॉक्टर आले होते आणि प्रेक्षकांनी फोनवरून प्रश्न विचारायचे होते. आत्याबाईंचे गुडघे कित्येक वर्षे दुखतात. त्यांनी माझ्याकडून नंबर फिरवून घेतला. अर्धा तास तो लागेना, आणि लागला तेव्हा मीच इतकी गडबडले की, टीव्हीचा आवाज बंद करायचे विसरले. आत्याबाई मात्र शांत होत्या. वर्ध्याहून बोलते, म्हणाल्या. मुलगी म्हणाली, “बोला आजी, काय त्रास होतो?”

“त्रास काई नाई. ते पयले भाऊ होते, ते बरे हायत ना?”

पडद्यावर मुलीचे तोंड क्षणभर उघडेच राहिले. तिने कॅमेऱ्यामागे कोणाकडे तरी पाहिले. डॉक्टर कागद चाळू लागले. मग तो दाढीवाला पोरगा पुढे झुकला आणि म्हणाला, “आजी, ते अगदी ठणठणीत आहेत. आता दुसरीकडे काम करतात. मला त्यांनीच शिकवलंय. आज रात्री फोन करून तुमचा निरोप देतो. नाव काय सांगू?”

आत्याबाईंनी आपले नाव सांगितले, माहेरच्या आडनावासकट. मग लगेच जाहिरात लागली.

फोन माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, “पोरगा चांगला हाय.” थोड्या वेळाने त्यांचा हात गुडघ्याकडे गेला आणि त्या एकदम म्हणाल्या, “अवं, गुडघ्याचं इचाराचं राहूनच गेलं!”