चारदाश आणि गजी

कन्हेरीच्या मारुतीला निघालो होतो. बारामतीच्या रस्त्यावर 'कोचिंग क्लास' अशी पाटी दिसली. बरोबर माझाच एक विद्यार्थी होता. म्हणाला, "सर, या इंग्रजीने आपली मराठी पार बाटवली!"

"अरे, हा शब्द मुळात इंग्रजांचा तरी कुठे आहे?" मी म्हणालो.

हंगेरीत कोच नावाचे एक खेडे आहे. पंधराव्या शतकात तिथल्या कारागिरांनी प्रवासाला सुखाची अशी घोडागाडी बांधली. गाडीला गावाचे नाव चिकटले आणि गाडीबरोबर ते युरोपभर फिरले. पुढे एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या पोरांनी, परीक्षेच्या पैलतीराला पोचविणाऱ्या शिकवणीच्या मास्तरालाच थट्टेने 'कोच' म्हटले! आपला कोचमन, आगगाडीचा कोच, क्रिकेटचा कोच ही सारी त्याच गावची मंडळी. (दिवाणखान्यातला कोच मात्र या घराण्यातला नव्हे, त्याचे आजोळ फ्रान्स.)

'गुलाश' या कालवणाचेही तसेच. हंगेरियन भाषेत 'गुयाश' म्हणजे गुराखी. रानात कढईत शिजणारे त्याचे जेवण बड्या हॉटेलांत गेले, तरी नाव गुराख्याचेच राहिले. आणि त्यांचे ते प्रसिद्ध नृत्य, चारदाश! 'चारदा' म्हणजे वाटेवरची खानावळ. आधी पावले संथ पडतात, मग लय अशी चढत जाते की पाहणाऱ्यालाच धाप लागावी. एकोणिसाव्या शतकात हा नाच उमरावांच्या महालांत शिरला. पण खानावळीचे नाव कुणी पुसले नाही.

पोरगा बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "सर, गॅदरिंगच्या यादीत मी 'फोक डान्स' लिहिलंय. खरं तर ती आमची गजी आहे."

पोरगा धनगराचा. ढोलाच्या ठेक्यावर रिंगण धरून, रुमाल उडवीत नाचणारी गजी त्याने बापाच्या खांद्यावरून पाहिलेली.

"मग तसं लिहिलं का नाहीस?"

"पोरं हसतात, सर."

काय बोलावे ते मला सुचेना. वर्गात मीही आजवर 'गजी' हा शब्द कधी फळ्यावर लिहिला नव्हता. शेवटी त्याला मुंगसाची गोष्ट सांगितली. इंग्रजांना हा प्राणी इथे भेटला, तेव्हा त्यांनी आपला 'मुंगूस' उचलला आणि त्याचा 'मंगूस' केला. शेवटी बदकाच्या जातभाईचा 'गूस' आला खरा, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही!

तो हसला. देवळाच्या पायरीवर बसून त्याने खिशातली यादी काढली, 'फोक डान्स'वर काट मारली आणि पेन तसेच धरून विचारले,

"सर, 'जी' दीर्घच ना?"