पोलादाच्या दागिन्याला मोड कुठली?

वणी (जि. नाशिक) - सोन्याच्या भावाने २०२५ मध्ये दहा ग्रॅममागे एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. सप्तशृंगीच्या चैत्रोत्सवासाठी वणीमार्गे गडावर जाणाऱ्या सामान्य कुटुंबापुढे त्यामुळे प्रश्न उभा राहतो, की मुलांच्या हौसेचा दागिना कोणत्या धातूचा घ्यावा?

स्टेनलेस स्टील हे त्याचे एक उत्तर. गोव्यात १९९० च्या दशकात बहरलेल्या ट्रान्सपासून गावोगावच्या डीजेपर्यंत इलेक्ट्रॉनिक संगीत पोचले. त्यातील ध्वनिलहरी आणि इक्वलायझरच्या पट्ट्या आता स्टीलच्या कड्यांवर व लॉकेटांवर उमटतात. लेसरने कापलेली बारीक रेषा या कठीण धातूत टिकते. तो चांदीसारखा काळवंडतही नाही.

मात्र आपल्याकडे दागिना ही अडीअडचणीची शिल्लक असते. चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. स्टीलला सुमारे १४०० अंश लागतात. सोनाराच्या नेहमीच्या मुशीत त्याला नवा घाट देता येत नाही, म्हणून त्याची मोडही नाही. सोन्याला २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. स्टीलच्या दागिन्याला तशी सक्तीची खूण नाही. ३१६ एल प्रतीचे स्टील घामाला दाद देत नाही, तर कमी निकेलचे २०० मालिकेतील स्टील तुलनेने लवकर गंजते. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही.

तेव्हा नक्षीला भुलण्याआधी ग्राहकाने स्टीलची प्रत विचारावी आणि ती पावतीवर लिहून घ्यावी. हौस जरूर करावी. तिला बचत मात्र समजू नये.