विकायचा तो सल्ला

आपली शिकलेली मुले-मुली आता सल्लागार कंपन्यांत नोकरीला लागतात. घरची माणसे विचारतात, "तिथे विकतात तरी काय?" विकतात तो सल्ला. दुसऱ्याच्या कंपनीत जायचे, आकडे तपासायचे, अहवाल द्यायचा. हा माल खपतो तो विश्वासावर.

हा धंदा बाबासाहेबांनीही करून पाहिला. बडोद्याची नोकरी १९१७ मध्ये सोडून मुंबईला आल्यावर त्यांनी शेअरबाजारातील गुंतवणुकीबाबत सल्ला देणे सुरू केले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला माणूस! पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली. सल्ल्यात खोट नव्हती. जात आडवी आली. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले.

मुलांनो, गिऱ्हाइकासमोर बसाल तेव्हा आकडे चोख ठेवा. कोणी जात चाचपली, तर मान खाली घालू नका.