दोन तबकड्यांचा कलह आणि दुकानदाराचे मौन

आपल्या सभासदांत कापड, भुसार, भांडी आणि सराफीचा व्यवहार करणारे पुष्कळ. विजेच्या उपकरणांची दुकाने चालविणारे त्या मानाने थोडे. तेव्हा चित्रपटांच्या तबकड्यांवरून जपान आणि अमेरिकेत झालेल्या एका कलहाची कथा या स्मरणिकेत कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. तो कलह आपल्या बाजारपेठेपर्यंत फारसा पोहोचलाही नाही. २००७ साली आपल्याकडे मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांस व्हीसीडी आणि ३४ रुपयांस डीव्हीडी विकण्यास आरंभ केला होता आणि आपले गिऱ्हाईक त्यातच संतुष्ट होते. परंतु त्या परक्या कलहात एक प्रश्न असा उभा राहिला की, तो कोणत्याही पेढीवर, कोणत्याही मालाविषयी उद्या उभा राहू शकेल. म्हणून हा प्रपंच.

डीव्हीडी ही तबकडी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या किरणाने वाचली जाते. त्याऐवजी ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा किरण वापरला, तर त्याच आकाराच्या तबकडीवर कितीतरी अधिक मजकूर मावतो. बारीक निबाने लिहिले म्हणजे खतावणीच्या एका पानावर अधिक ओळी बसतात, तसेच हे. किरणाविषयी दोन्ही पक्षांचे मतैक्य होते. मतभेद होता तो तबकडीच्या घडणीविषयी. तोशिबा आणि एनईसी यांच्या एचडी डीव्हीडीत मजकुराचा थर जुन्या डीव्हीडीप्रमाणेच पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर खोल होता. त्यामुळे जुन्याच कारखान्यांत थोडाफार बदल करून ती काढता येई. एका थरावर १५ गिगाबाइट मावत. सोनी, फिलिप्स, मात्सुशिता आदी नऊ कंपन्यांनी फेब्रुवारी २००२ मध्ये जाहीर केलेल्या ब्लू-रे तबकडीत तोच थर पृष्ठभागापासून केवळ ०.१ मिलिमीटरवर आणला होता. तिच्या एका थरावर २५ गिगाबाइट मावत, पण तिला नवी यंत्रसामग्री लागे. एकीत स्वस्ताई, दुसरीत धारणाशक्ती. अनेकान्ताच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरेच होते. दुर्दैवाने दुकानाच्या फळीला अनेकान्त परवडत नाही.

२००५ साली दोघांत एकीची बोलणी झाली आणि फिसकटली. ज्याची घडण मान्य होईल, त्याला जगातील प्रत्येक तबकडीमागे परवान्याचे शुल्क मिळत राहणार, हे दोघांनाही ठाऊक होते. सोनीच्या मनात जुनी जखमही असावी. तिची बीटामॅक्स ही चित्रफीत १९७५ साली निघाली, पुढच्याच वर्षी जेव्हीसीची व्हीएचएस आली, आणि अखेर १९८८ साली सोनीलाच व्हीएचएसची यंत्रे काढावी लागली. एकदा पोळलेला गडी दुसऱ्यांदा नमते घेईल, हे कठीणच होते.

२००६ साली दोन्ही यंत्रे अमेरिकेच्या बाजारात आली. एप्रिलमध्ये तोशिबाचे ४९९ डॉलरांपासून, जूनमध्ये सॅमसंगचे ब्लू-रे यंत्र ९९९ डॉलरांस. नोव्हेंबरात सोनीने आपल्या प्लेस्टेशन ३ या खेळाच्या यंत्रातच ब्लू-रेची सोय करून दिली, आणि मुलांच्या हट्टापायी ती हजारो घरांत आपोआप शिरली. चित्रपटसंस्थाही वाटल्या गेल्या. युनिव्हर्सल एकीकडे, डिस्ने आणि फॉक्स दुसरीकडे, वॉर्नर दोहोंकडे. पॅरामाउंट प्रथम दोहोंकडे होती. ऑगस्ट २००७ मध्ये ती एचडी डीव्हीडीच्या गोटात गेली, आणि त्यासाठी मोठ्या रकमेचे प्रलोभन दिले गेल्याचे अमेरिकन वृत्तपत्रांनी तेव्हा छापले. या सर्व काळात गिऱ्हाइकाच्या वाट्याला आले ते हे की, एका यंत्रावर दुसऱ्याची तबकडी चालत नसे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. नोव्हेंबर २००७ च्या आरंभी वॉलमार्टने तोशिबाचे एक यंत्र शंभर डॉलरांच्या आत विकले. त्या वेळी लढाई अनिर्णित होती. त्या विक्रीला कोणी दोष देऊ नये. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नरने यापुढे आपण केवळ ब्लू-रेच काढणार असे जाहीर केले. त्या दिवशी निकाल लागल्यासारखाच होता. तरीही तोशिबाने जानेवारीच्या मध्यास किमती निम्म्यापर्यंत उतरविल्या आणि विक्री चालूच राहिली. फेब्रुवारीच्या ११ तारखेस बेस्ट बाय या मोठ्या दुकानाने ब्लू-रेला पसंती दिली, १५ तारखेस वॉलमार्टने एचडी डीव्हीडी बंद करण्याचे जाहीर केले, आणि १९ फेब्रुवारीस तोशिबाने हार मान्य केली.

४ जानेवारी ते १९ फेब्रुवारी हे सेहेचाळीस दिवस आम्हांस अस्वस्थ करतात. व्यवसायाची बातमी ठेवणाऱ्या दुकानदाराला या दिवसांत माल मरू घातल्याचे कळत होते. निम्म्या किमतीला भुलून आलेल्या कुटुंबवत्सल गृहस्थाला ते कळत असेलच असे नाही. ज्याने ही स्थिती सांगून यंत्र विकले, त्याच्याविषयी आमची तक्रार नाही. ज्याने न सांगता विकले, त्याचे काय? तराजू खरा होता, माल अस्सल होता, पावतीही खरी होती. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे आणि बनावट मालाचा व्यवहार यांची गणना आहे. त्यांपैकी येथे शब्दशः काहीच घडले नाही. परंतु व्रताचा आशय जर असा असेल की, दुसऱ्याचे द्रव्य त्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊन आपल्या गल्ल्यात ओढू नये, तर हे मौन अतिचाराच्या उंबरठ्यावर उभे आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावर व्यापारी बंधू म्हणतील, ‘माल आम्ही रोकडीने घेतला, तो पडून राहिला तर भांडवल कोण भरून देणार? शिवाय स्वस्त घेणाऱ्याने काही धोका पत्करलाच ना?’ या म्हणण्यात तथ्य आहे. त्या यंत्रावर जुन्या डीव्हीडी चांगल्या दिसत, म्हणजे ते अगदीच निरुपयोगी झाले नव्हते, हेही खरे. पण धोका पत्करण्यास धोका ठाऊक असावा लागतो. पडेल भावात विकून तोटा सोसणे हा व्यापार. तोच तोटा न सांगता पुढच्याच्या पदरात टाकणे, याला आम्ही व्यापार म्हणण्यास धजत नाही. बेस्ट बायने पुढे मार्चमध्ये, आपल्याकडून असे यंत्र घेतलेल्या गिऱ्हाइकांना पन्नास डॉलरांचे खरेदीपत्र देऊ केले. त्यात धोरण असेल, जाहिरात असेल. गिऱ्हाइकाच्या हाती मात्र पन्नास डॉलर पडले.

विजेत्याचे सुखही फार टिकले नाही. तोशिबा स्वतः २००९ साली ब्लू-रेच्या संघटनेत दाखल झाली. पण तोवर चित्रपट तारेवाटे घरी येऊ लागले होते. २०१९ साली सॅमसंगने अमेरिकेपुरती नवी ब्लू-रे यंत्रे काढणे थांबविले, आणि सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन संपविले.

आज आपल्यातील तरुण सभासद विजेवर चालणाऱ्या दुचाकी विकू लागले आहेत, आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या चार्जिंगच्या जोडण्या अद्याप एकसारख्या नाहीत. कोणती राहील, कोणती जाईल, हे भविष्य सांगण्याची अपेक्षा त्यांच्याकडून कोणी करणार नाही. आमची सूचना एवढीच की, अशा प्रत्येक विक्रीच्या पावतीवर ‘या वस्तूची जोडणी इतर कंपन्यांच्या मालाशी जुळेलच असे नाही, हे ग्राहकास सांगितले आहे’ अशी एक ओळ असावी आणि तिच्याखाली गिऱ्हाइकाची सही घ्यावी. संघाच्या आगामी सर्वसाधारण सभेपुढे हा ठराव यावा. पावतीपुस्तकाच्या छपाईत एक ओळ वाढविण्यास खर्च काही विशेष येणार नाही.