कुरणास ‘पड’ म्हणूं नये

तालुक्याच्या कचेरींत पीकपाहणीचे तक्ते उतरून काढतांना आम्हीं कित्येक वर्षें ‘गवत पड’ हा एकच शेरा लिहिला. माळ असो, डोंगराचा उतार असो, कीं सागाच्या विरळ रानांतील मोकळी जागा असो, शेरा तोच. आतां नोकरी संपवून घरच्या जनावरांमागें हिंडूं लागल्यावर, किती भिन्न वस्तूंना आपण एकच नांव दिलें हें ध्यानांत येऊन खेद होतो.

खोल काळ्या जमिनीच्या बांधावर व ओलीच्या जागीं मारवेल असतो. मुरमाड उतारावर पवन्या, शेडा व डोंगरी हीं बहुवर्षायु गवतें. खानदेशांत सातपुड्याकडील विरळ झाडींत रोशा. रोशास जनावर सहसा तोंड लावीत नाहीं, परंतु त्याच्या तेलास किंमत आहे. त्यांतहि मोतिया कोरड्या उघड्या उतारावर व सोफिया सखल ओलीच्या जागीं, असा भेद आहे. दाट सावलीखालीं मात्र यांपैकीं एकहि नीट वाढत नाहीं. दबडघाव व शंकरनारायण या शास्त्रज्ञांनीं १९७३ सालीं भारतांतील गवताळ प्रदेशांचे पांच प्रकार सांगितले, त्यांतील आपल्या दख्खनच्या प्रकारास शेड्याच्या व मारवेलाच्याच कुळांचें नांव आहे. ज्यास शास्त्रांत एवढा मान, तें आमच्या तक्त्यांत पड!

याच शेऱ्याच्या आधारें उतारावर चर खणून दाट झाडें लावलीं जातात. झाडांस आमचा विरोध नाहीं. आमच्याहि बांधावर बोरी-बाभळी आहेत. पण चांगलें कुरण खणून तेथें गिरिपुष्प लावणें म्हणजे भरली कणगी रिती करून तींत कोंडा भरणें होय.

दोष केवळ शेऱ्याचा नव्हे. मृगाच्या सरींनीं कोंब फुटतांच आपण जनावरें सोडतों, उन्हाळ्यांत वणवा लावतों; मग पवन्या हटून कुसळी माजते व तिचीं कुसळें मेंढरांच्या लोकरींत, तोंडांत रुततात. त्यापुढें खुरटें गवत, आणि शेवटीं नुसता मुरूम. यास्तव कुरणाचे तीन भाग करावे. एक भाग आळीपाळीनें बीं झडेपर्यंत राखावा, बाकीच्यांवर फुलोऱ्याच्या सुमारास विळा घालावा. वाळल्यावर गवताचें सत्त्व उतरतें.

गायरानांत कोणतें गवत कोठें आहे, याची यादी जोडून सभासदांनीं येत्या ग्रामसभेंत ठराव मांडावा. मसुदा हवा असल्यास आम्ही लिहून देऊं. अक्षर अद्याप बिघडलेलें नाहीं.