आधी वाळू, मग स्कूबा

सोमवारी ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी हमखास ऐकू येतं, "अरे, या वीकेंडला मालवणला स्कूबा केलं! समुद्र वाचवायला हवा यार." वाचवा की! पण वीस मिनिटं पाण्याखाली जाऊन नेमकं काय वाचलं?

मीही ट्राय डाईव्ह केलीय, त्यामुळे बोलायचा हक्क आहे :-) इन्स्ट्रक्टरने मागून धरून फिरवलं, बिस्किटाचा चुरा टाकून मासे जमवले, व्हिडिओ काढला. माझा पाय प्रवाळावर आपटला, हे वर आल्यावर त्याच व्हिडिओत दिसलं. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. ते बहुधा माझ्यासारख्यांपासूनच वाचवायचं असावं.

यावर कुणीतरी म्हणणारच, "पाहिल्याशिवाय प्रेम कसं बसणार?" कबूल. पण पाहायला पाण्याखालीच जावं लागतं, हे कुणी ठरवलं?

दापोली तालुक्यातलं केळशी घ्या. भारजा नदी इथे समुद्राला मिळते, पाणी गढूळ. इथे स्कूबा करायला कुणी येत नाही. पण हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री याच वाळूत येते, खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि परत जाते. कुत्री, कोल्हे, भरती यांतून ती वाचवायची तर कुणीतरी पहाटेच किनारा पालथा घालायला हवा. मग अंडी हॅचरीत हलवायची आणि पुढे पन्नासेक दिवस राखण. उत्तरेला वेळासमध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन २००२ मध्ये हेच काम सुरू केलं. त्यासाठी कुणाला पाठीवर ऑक्सिजन बांधावा लागला नाही. (सिलिंडरमध्ये साधी हवाच असते, ऑक्सिजन नव्हे. ट्राय डाईव्हवाल्यांना हेही ठाऊक नसतं.)

मग स्कूबा शिकूच नये का? शिका ना, पण नीट शिका. ओपन वॉटर कोर्सला २०० मीटर पोहावं लागतं, १० मिनिटं तरंगावं लागतं. पाण्यात अधांतरी स्थिर राहता आलं, की प्रवाळाला धक्का न लावता नोंदी घेता येतात. पण तो परवाना १८ मीटरपर्यंतचाच. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात बुडालेल्या अँग्रिया बँकेचा माथाच वीसेक मीटर खोल आहे! म्हणजे तिथे हा कोर्सही पुरत नाही. काम करायचं तर वर्षं द्यावी लागतात, वीकेंड नव्हे.

तेवढा वेळ नसेल, तर एक पहाट केळशीला द्या. टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवून कासवमित्राच्या मागे मुकाट चाला. पिल्लं उजेडाकडे वळतात, त्यामुळे किनाऱ्यावरचा आपल्या रिसॉर्टचा दिवा त्यांना समुद्राऐवजी रस्त्याकडे नेतो. मॅनेजरला सांगून तो बंद करून घ्या. समुद्रासाठी आपण केलेलं ते पहिलं खरं काम असेल.

पाण्यात शिरलेलं पिल्लू पुढे कुठे जातं, हा प्रश्न तिथे पडेलच. तो पडला की स्कूबाची फी खुशाल भरा.

बघा, पटतंय का.