सिनेमा घरात, मालकी दुसऱ्याची

"आता डीव्हीडी कशाला? सगळं मोबाईलवर मिळतं," असं म्हणणारे अर्धापुरातही कमी नाहीत. त्यांना माझा सवाल आहे: ते उद्याही मिळेल, याची हमी कोण देणार?

तमिळ 'अन्नपूर्णी' सेन्सॉरचं प्रमाणपत्र घेऊन थिएटरात लागला. डिसेंबर २०२३ अखेर नेटफ्लिक्सवर आला. धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि दोन आठवड्यांत तिथून काढला गेला. वर्गणीदारांना कोणी विचारलं नाही. विचारणार कसं? ते मालक नव्हेत, भाडेकरू आहेत. उद्या तक्रार आपल्या समाजाची असली, तरी माझं म्हणणं हेच राहील: पाहू नका, पण इतरांच्या घरातून काढू नका.

डिस्कवर ओरखडे पडतात, प्लेअर बिघडतो, हे कबूल. पण घरातली डिस्क कोणी दूर बसून पुसत नाही. १९३१ चा 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. प्रती अनेक हातांत असल्या तरच सिनेमा टिकतो.

म्हणून आवडता सिनेमा डिस्कवर मिळत असेल तर विकत घ्या. मिळत नसेल तर कंपन्यांकडे मागा. प्रेक्षकाने मागणंच सोडलं, तर त्या विकतील कशाला?